खेळ तुमचा, टेबल दुसऱ्याचे

1974 साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनीव्हा नावाच्या लहानशा गावात ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या पहिल्या 1000 प्रती निघाल्या. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांनी रचलेल्या या खेळाला प्रकाशक मिळत नव्हता, म्हणून गायगॅक्स आणि त्यांच्या मित्रांनी टीएसआर ही स्वतःची संस्था काढली. डब्यातल्या तीन पुस्तिका त्यांनी घरीच, हाताने जुळवल्या. वर्षभरात प्रती संपल्या. अडचण पुढे आली. लेखकांसोबत जे खेळले होते त्यांना सगळे कळत होते; ज्यांनी नुसता डबा विकत घेतला त्यांना मात्र खेळ सुरू कसा करायचा हेच कळेना. ‘चेनमेल’ हे आधीचे पुस्तक वाचकाकडे असेलच, असे त्यात गृहीत धरले होते. शेवटी जे. एरिक होम्स या मज्जाशास्त्राच्या प्राध्यापकांनी आपणहून टीएसआरकडे विचारणा केली आणि नवशिक्यांसाठी ते नियम नीट लावून दिले. ती सोपी आवृत्ती 1977 साली निघाली.

रोल-प्लेइंग खेळाचे साहित्य स्वतः प्रकाशित करू पाहणाऱ्याची खरी अडचण याच गोष्टीत आहे. कादंबरी वाचली की झाली. आपले पुस्तक मात्र कोणीतरी अनोळखी माणूस चार मित्रांसमोर उघडून बसणार, फासे टाकले जाणार, ऐन वेळी भलतेच प्रश्न निघणार, आणि उत्तर द्यायला आपण तिथे नसणार. पाने किती, नियम कोणाचे, कागद कोणता, किंमत काय, हे सगळे निर्णय त्या अनोळखी माणसाकडे पाहून घ्यावे लागतात. तुमच्या गटात मोहीम रंगली आहे, वह्या भरल्या आहेत आणि ‘हे छापायला हवे’ असे मित्र म्हणू लागले आहेत, असे समजून पुढचे लिहिले आहे.

पहिले पुस्तक पातळ असू द्या

बहुतेकांना पहिल्या फटक्यात स्वतःचे जग, स्वतःचे नियम आणि 300 पृष्ठांचा ग्रंथ काढायचा असतो. तो मोह आवरा. नवे नियम म्हणजे जीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरने, अख्खा शनिवार शिकण्यात घालवायचा. अनोळखी लेखकासाठी तेवढे कोणी सहसा करत नाही. त्यापेक्षा लोकांना आधीच येणाऱ्या नियमांवर एका बैठकीत संपणारे 16 ते 32 पृष्ठांचे साहस लिहा. ते वाचून होते, खेळून होते आणि तुमच्या हातून पुरेही होते.

पातळ पुस्तिकेला या क्षेत्रात कमीपणा नाही. ‘मदरशिप’ हा अंतराळातल्या भयाचा खेळ 2018 साली एका पातळ पुस्तिकेपासूनच सुरू झाला. किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळाने 2019 च्या फेब्रुवारीत ‘झीन-क्वेस्ट’ ही खास अशा पुस्तिकांची मोहीम काढली. मलेशियातल्या झेडेक सिऊ आणि मुन काओ यांची ‘अ थाउजंड थाउजंड आयलंड्स’ ही मालिका पाहा. आग्नेय आशियातली गावे, नद्या, भुतेखेते यांवरच्या त्या लहान पुस्तिका नियमांपासून जवळजवळ मोकळ्या होत्या, त्यामुळे कोणत्याही खेळात वापरता येत. आपल्याकडे साठच्या दशकातल्या लघुनियतकालिकवाल्यांनीही थोड्या पैशांत, थोड्या पानांत हेच केले होते.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. वीस बाजूंचा फासा अजून आपल्याकडे घरोघरी नसतो. सहा बाजूंचा लुडोच्या डब्यात सापडतो. असे दोन फासे टाकून एक दशक आणि दुसरा एकक धरला, तर 11 पासून 66 पर्यंत 36 निकाल मिळतात. भेटणाऱ्या माणसांची, अफवांची किंवा सापडणाऱ्या वस्तूंची यादी करायला तेवढे पुरतात.

वाचण्यासाठी नव्हे, चालवण्यासाठी लिहा

साहसातल्या एका जागेचा हा पहिला मसुदा पाहा :

‘वाड्याच्या मागील बाजूस एक जुनी विहीर असून ती रंगराव देशमुखांच्या पणजोबांनी दुष्काळात खोदविली होती. पुढे घराण्यात भाऊबंदकी माजली. धाकट्या सुनेने याच विहिरीत जीव दिला, असे गावकरी दबक्या आवाजात सांगतात.’

कथेचा परिच्छेद म्हणून हे चालेल. पण खेळाडू पहिला प्रश्न विचारणार, ‘दोर आहे का?’ दुसरा विचारणार, ‘पाणी किती खाली?’ त्याचे उत्तर यात कुठेच नाही. आता हीच विहीर अशी लिहा :

‘विहीर. दिसते : रहाट मोडका, दोर मात्र कोरा. पाणी वीस हात खाली.
ऐकू येते : हाक मारली की उलट हाक येते, ती बाईच्या आवाजात.
उतरले तर : पाण्याच्या हातभर वर कोनाडा, त्यात माडीच्या किल्ल्या. दोर एकाच माणसाचे वजन पेलतो.
तिला काय हवे : थोरल्या दिराचे नाव कोणीतरी मोठ्याने घ्यावे. घेतले तर किल्ल्या हाती लागतात आणि माडीवरचा दिवा विझतो.’

शब्द जवळजवळ दुप्पट झाले आहेत. पण आता जीएमच्या हाती सांगण्यासारखे, करण्यासारखे आणि धोक्याचे असे तिन्ही आहे. घराण्याचा इतिहास गेला नाही. तो खेळाडूंना शोधून काढायचा राहिला. तुमच्या वहीतल्या प्रत्येक जागेला ही कात्री लावा. खेळाडूंना जे कधीच कळण्याचा मार्ग नाही ते बेलाशक गाळा. ज्यावर पुढचे काही अवलंबून आहे ते पहिल्या दोन ओळींत आणा.

मग चाचणी. स्वतः चालवलेले सेशन ही चाचणी नव्हे, कारण पुस्तकातली भोके तुम्ही नकळत तोंडाने बुजवत असता. मसुदा अशा जीएमला द्या जो तुमच्यासोबत कधी खेळलेला नाही, आणि त्या दिवशी तिथे जाऊ नका. नंतर तीनच गोष्टी विचारा : खेळताना मागची पाने कुठे चाळावी लागली, मनाने काय रचावे लागले, आणि कुठे वेळ रेंगाळला. ‘आवडले का?’ हे विचारूच नका; ओळखीची माणसे हो म्हणतात आणि त्यातून काही हाती लागत नाही.

नियम कोणाचे, नाव कोणाचे

कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती ज्या शब्दांत मांडली त्यावर असतो. भारतात सर्वोच्च न्यायालयाने 1978 च्या आर. जी. आनंद खटल्यात हेच स्पष्ट केले. म्हणून ‘वीस बाजूंचा फासा टाका, त्यात गुण मिळवा, ठरलेला आकडा गाठा’ ही रीत कोणाच्या मालकीची होत नाही. पण दुसऱ्याच्या पुस्तकातला नियमाचा मजकूर, राक्षसाचे वर्णन किंवा जगाचा नकाशा उचलला तर ती नक्कल ठरते.

पाचव्या आवृत्तीच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’वर लिहायचे असेल तर 2023 चे प्रकरण माहीत हवे. 2000 सालापासून ओपन गेम लायसन्स नावाच्या परवान्यावर शेकडो छोटे प्रकाशक उभे राहिले होते. 2023 च्या जानेवारीत तो परवाना मोडीत काढून कडक अटी घालणारा मसुदा फुटला. खेळाडू इतके भडकले की 27 जानेवारीला खेळाचे हक्क असलेल्या विझार्ड्स ऑफ द कोस्टने माघार घेतली आणि मूळ नियमांचा एसआरडी 5.1 हा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘सीसी-बाय 4.0’ परवान्याखाली खुला केला. हा परवाना दिल्यावर परत घेता येत नाही. त्यामुळे नव्याने सुरुवात करणाऱ्याने जुन्या परवान्याच्या वाटेला न जाता यावरच उभे राहावे. त्या दस्तऐवजात श्रेयाची ओळ दिलेली आहे. ती जशीच्या तशी छापा. ‘पाचव्या आवृत्तीशी सुसंगत’ असे म्हणता येते, पण खेळाचे बोधचिन्ह मुखपृष्ठावर घेता येत नाही. बीहोल्डरसारखे काही जीव त्यातून मुद्दाम वगळलेले आहेत, तेही घेऊ नका.

पर्याय इतरही आहेत. ‘ब्लेड्स इन द डार्क’चे नियम सीसी-बायवर खुले आहेत. ‘केर्न’ सीसी-बाय-एसएवर आहे, म्हणजे त्यातला मजकूर वापरून केलेले पुस्तक तुम्हालाही त्याच अटीवर खुले ठेवावे लागते. याला तयार असाल तरच तो उचला. डीएम्स गिल्ड या विक्रीस्थळावर विझार्ड्सच्या मालकीची ‘फरगॉटन रेल्म्स’सारखी जगे वापरता येतात, पण तिथे विकलेले साहस दुसरीकडे विकता येत नाही. वर्षानुवर्षे घडवलेले स्वतःचे जग तिथे पहिल्याच पुस्तकात टाकू नका.

मराठी साहित्याच्या बाबतीतही हिशेब लावा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे हक्क टिकतात. हरी नारायण आपटे 1919 साली गेले, त्यामुळे त्यांच्या कादंबऱ्यांवर साहस बेतायला हरकत नाही. बाबूराव अर्नाळकर 1996 साली गेले, तेव्हा त्यांच्या ‘झुंजार’ या नायकाला 2056 सरेपर्यंत हात लावायचा तर वारसांची परवानगी हवी. वेताळ, चकवा, हडळ, मुंजा हे मात्र कोणाच्याच मालकीचे नाहीत.

चित्रकाराशी करार लेखी

चित्रे मित्राने काढून दिली तरी कागद करा. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 मध्ये नवख्यांना ठाऊक नसलेल्या तीन गोष्टी आहेत. हक्क देणे लेखी आणि सहीनिशी असावे लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर हक्क भारतापुरतेच मिळाले असे मानतात. म्हणजे ‘चित्र वापर’ एवढ्यावर भागवले आणि पुस्तक परदेशी संकेतस्थळावर विकले, तर पायाच कच्चा राहतो. मुदत, प्रदेश, छापील आणि डिजिटल वापर, पुढच्या आवृत्त्या, मूळ चित्र कोणाकडे राहणार, मोबदला केव्हा आणि किती, हे एका पानात मावते. सगळे हक्क मागण्यापेक्षा ‘या पुस्तकासाठी, जगभर, कायम’ एवढा परवाना मागा. चित्रकारही मोकळा राहतो आणि मोबदलाही आवाक्यात येतो.

पैसेच नसतील तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 2017 पासून आपल्या संग्रहातल्या हक्कमुक्त कलाकृतींची छायाचित्रे कोणत्याही वापरासाठी खुली केली आहेत. त्यात भारतीय लघुचित्रेही आहेत. एआयकडून चित्रे करून घ्यायचा विचार असेल तर विक्रीस्थळाचे नियम आधी वाचा. ड्राइव्हथ्रूआरपीजीवर ती तशी जाहीर करावी लागतात, आणि या खेळाचे बरेच गिऱ्हाईक ते पाहून पुढे जाते.

मांडणी

एक जागा समोरासमोरच्या दोन पृष्ठांत मावली पाहिजे. नकाशा एका पानावर आणि त्याचे वर्णन उलटून मागे, असे झाले की टेबलावर खोळंबा ठरलेला. यादी किंवा कोष्टक दोन पृष्ठांवर तोडू नका.

मराठीत काढत असाल तर युनिकोड टंकच वापरा. जुन्या टंकांतला मजकूर दिसायला ठीक असतो, पण पीडीएफमध्ये ‘किल्ल्या’ हा शब्द शोधला तर सापडत नाही, आणि खेळ चालू असताना जीएम मोबाइलवर हेच करत असतो. ‘मुक्ता’ आणि ‘टिरो देवनागरी मराठी’ हे टंक मोफत आहेत. दुसऱ्यात ल आणि श मराठी वळणाचे मिळतात. इनडिझाइनमध्ये काम करणाऱ्याला वर्ल्ड-रेडी कंपोजर चालू करायला सांगा, नाहीतर जोडाक्षरे फुटतात आणि वेलांट्या जागा सोडतात.

विक्री आणि पैसा

ड्राइव्हथ्रूआरपीजीवर विक्रीनुसार मानचिन्हे मिळतात. पहिले, तांब्याचे, 51 प्रती विकल्या की लागते. बाजार केवढा आहे ते या आकड्यावरून ओळखा. तिथे फक्त त्यांच्याकडेच विकायचे कबूल केले तर लेखकाला 70 टक्के, नाहीतर 65 टक्के मिळतात. डीएम्स गिल्डवर 50 टक्के. इच डॉट आयओवर संकेतस्थळाचा वाटा तुम्हीच ठरवता; तुम्ही न बदलल्यास तो 10 टक्के असतो, आणि पैसे पोचवण्याचा खर्च वेगळा.

आता हिशेब. पाच डॉलरची पीडीएफ, 65 टक्क्यांच्या दराने 50 प्रती : 162 डॉलर 50 सेंट. यातून चित्रे, संपादन आणि मांडणी भागवायची आहे. म्हणून खर्चाची मर्यादा आधी 50 प्रतींवर बसवा. त्यापुढे जे येईल ते पुढच्या पुस्तकाचे भांडवल. अमेरिकी संकेतस्थळांकडून रॉयल्टी घेताना डब्ल्यू-8बीईएन हा फॉर्म पॅन घालून भरावा लागतो. तो नीट भरला नाही तर दोन देशांतल्या करारानुसार मिळणारी कराची सवलत जाते. ही कमाई इथल्या विवरणपत्रातही दाखवायची असते. पहिल्या वर्षी तासभर चार्टर्ड अकाउंटंटपुढे बसा.

किकस्टार्टरचा बोलबाला मोठा आहे, पण तिथे मोहीम काढता येणाऱ्या देशांच्या यादीत भारत नाही. परदेशातल्या भाच्याच्या नावावर मोहीम काढली तर जमलेली रक्कम कायद्याने त्याची कमाई ठरते. कराचा बोजाही त्याच्यावर पडतो आणि गिऱ्हाइकाला दिलेला शब्दही त्याचाच असतो. असे काही करायचेच असेल तर नात्यात आधी लेखी ठरवा. नाहीतर मराठी प्रकाशकांची जुनी वाट धरा : प्रकाशनपूर्व सवलत. मजकूर तयार झाल्यावरच नोंदणी घ्या, महिनाभराची मुदत ठेवा आणि फासे, पत्ते, कापडी नकाशा असली आमिषे जोडू नका. स्वतंत्र प्रकाशकांच्या मोहिमा लिखाणापेक्षा अशा जोडवस्तूंपायी जास्त रखडतात. शिवाय छापील पुस्तकावर जीएसटी नाही. फासे घालून डबा केला की तो पुस्तक राहत नाही.

छपाई आणि टपाल

ए5 आकाराची 32 पृष्ठांची पुस्तिका म्हणजे ए4 चे आठ कागद दुमडून मध्ये पिना मारलेले. आत 100 जीएसएम आणि कव्हर 250 जीएसएम धरले तर वजन 65 ग्रॅमच्या आसपास भरते. उलट ए4 आकाराचा 250 पृष्ठांचा पुठ्ठा बांधणीचा ग्रंथ किलोच्या पुढे जातो. परदेशी टपालात तुमचा नफा या फरकात अडकलेला असतो. पिनांची बांधणी असेल तर पृष्ठे चारच्या पटीतच ठेवा. शंभरेक प्रती डिजिटलवर काढा; ऑफसेट पाचशेच्या खाली क्वचितच परवडते. छापखान्यात फाइल देण्यापूर्वी रंग सीएमवायकेमध्ये बदला आणि एक नमुना प्रत हातात घेऊन, पान उघडून, टेबलावर पसरवून पाहा. आपोआप मिटणारे पुस्तक जीएमच्या कामाचे नाही.

परदेशी गिऱ्हाइकासाठी मागणीनुसार छपाईचा पर्याय बरा : प्रत तिकडेच छापली जाते आणि तिकडेच पोचते. 2025 च्या ऑगस्टअखेर अमेरिकेने लहान पार्सलांची जकातमाफी काढली, तेव्हा भारतीय टपाल खात्याने काही आठवडे तिकडची पार्सले घेणेच थांबवले होते. अशा वेळी घरात पडलेल्या प्रती आणि घेतलेले पैसे दोन्ही डोक्यावर बसतात.

आयएसबीएन भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. मध्यस्थाला पैसे देऊ नका. पुस्तक छापल्यावर 1954 च्या कायद्यानुसार कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह मुंबई, चेन्नई आणि दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना 30 दिवसांत प्रत पाठवायची असते. चार प्रती आधीच बाजूला काढा.

प्रकाशनानंतर

पीडीएफवर आवृत्तीचा क्रमांक घाला, चुका कळतील तशा दुरुस्त करा आणि आधी घेतलेल्यांना नवी फाइल फुकट द्या. पहिली चार पृष्ठे कोणालाही मोफत पाहू द्या. अनोळखी लेखकावर विश्वास ठेवायला वाचकाला तेवढाच आधार असतो. गिऱ्हाइकांत केवळ वाचायला घेणारे पुष्कळ असतात, त्यांचा राग मानू नका, पण पुढचे पुस्तक त्यांच्या सांगण्यावरून ठरवू नका. ज्यांनी खेळ चालवला त्यांना गाठा आणि कोणते पान आवडले यापेक्षा कोणते पान खेळले गेले ते विचारा. जे कोणाच्याच टेबलावर उघडले नाही, तसले पान दुसऱ्या पुस्तकात लिहू नका.